जुनं तेल

बाळने डिपस्टिक फडक्याला पुसली आणि न वापरताच बॉनेटच्या कडेला आडवी ठेवून दिली. मग खिशातून औषधाची छोटी बाटली काढली, तिच्यातल्या ताज्या तेलात बोट बुडवलं आणि ते बोट म्हाताऱ्याने पुढे केलेल्या अंगठ्यावर टेकवलं.

म्हाताऱ्याने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. नाकाजवळ नेली. त्याचे डोळे शेडच्या पत्र्याकडे लागलेले होते, पण पत्रा कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं हे त्यांना गेली तीन वर्षं कळत नव्हतं.

"कधी बदललंस?"

"काल संध्याकाळी."

"फिल्टर?"

"तोही."

"वॉशर नवा टाकलास की जुनाच दामटलास?"

"नवा टाकला, अण्णा."

"आणि बोल्ट कसलास?"

हा प्रश्न एकतीस वर्षं येत होता, आणि दर वेळी तो शेवटीच येत होता.

"कसला."

म्हाताऱ्याने बोटं मांडीवरच्या फडक्याला पुसली. समाधान झालं असावं. "बरं, झाक आता. आणि बॉनेट आपटू नकोस, तुझ्या सासऱ्याचं दार नाही ते."

बाळने बॉनेट हलकेच टेकवलं. खाली इंजिनात जे तेल होतं ते चौदा महिन्यांपूर्वीचं होतं.

गाडी छत्तीस वर्षांची होती. म्हाताऱ्याचा धंदा खिडक्यांच्या काचा पोचवण्याचा. त्यामुळे सगळी गल्ली त्याला काचवाले म्हणायची. या पिकअपच्या हौद्यात लाकडी चौकटी उभ्या करून, त्यांना आतून जाड लोकरी बनात लावून, त्याने उभी हयात काचा वाहिल्या होत्या आणि एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच फुटू दिल्या होत्या. सकाळी इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, त्याआधी गिअर टाकायचा नाही. दर तीन हजार किलोमीटरला तेल, दर रविवारी ग्रीस. आठवड्यातून एकदा गाडीखाली झोपून सगळा तळ पाण्याने धुवायचा, पुसायचा, आणि कुठे गंजाचा ठिपका दिसलाच तर खरवडून वर लाल प्रायमरचा हात मारायचा. त्याच्या वयाच्या माणसांनी तीन-तीन गाड्या भंगारात घातल्या होत्या. गल्लीत म्हणायचे, काचवाले गेले तरी गाडी स्वतःच त्यांना पोचवून परत येईल.

बाळचं वय आता पन्नास. पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी. दिवसभर दारोदार फिरायचं, वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा. नाव कागदोपत्री वेगळं होतं, पण लहानपणी लागलेलं 'बाळ' काही सुटलं नाही. म्हाताऱ्याने ते सुटू दिलं नाही, असंही म्हणता येईल.

एकोणिसाव्या वर्षी त्याच्याकडून एकदा तेल बदलताना खालचा बोल्ट सैल राहिला होता. सकाळी शेडच्या फरशीवर काळं तळं साचलेलं दिसलं. गाडी सुरू करण्याआधीच दिसलं, इंजिनाला काही झालं नाही. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही. बाळला अंगातला शर्ट काढायला लावला, त्या शर्टाने फरशी पुसायला लावली, आणि मग तोच शर्ट पुन्हा अंगात घालून कॉलेजला पाठवलं. "ज्याला एक बोल्ट कसता येत नाही," तो म्हणाला, "त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही." पुढे मुलगा नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, कानशिलावरचे केस पांढरे झाले, पण म्हाताऱ्याने शब्द मोडला नाही. डोळे गेल्यावरही नाही. शेजारचा शिंपी शाळांचे गणवेश शिवून आसपासच्या गावांना पोचवायचा; म्हाताऱ्याने त्याला बोलावून सांगितलं, रोज ने, रोज आण, गाडी उभी राहून खराब होते. तेव्हापासून स्टिअरिंगला शिंपी आणि हात काळे करायला बाळ, अशी वाटणी झाली.

चौदा महिन्यांपूर्वी ती वाटणीही मोडली, पण हे फक्त बाळला ठाऊक होतं.

त्या रविवारी शिंपी सहज म्हणाला होता, "काका, गाडी टिकवायचं गुपित तरी काय?"

म्हातारा खुशीत होता. "गुपित कसलं? शिस्त. नियम केला की केला. बघ, बावीस वर्षांपूर्वी मी इंजिन उतरवून नवीन रिंगा टाकल्या. नव्या रिंगांना पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचं नसतं. जेमतेम दोनशे झाले होते आणि पहाटे ही सून अडली. इस्पितळ सव्वीस किलोमीटर. दुसरा कुणी असता तर पळवली असती. मी काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. म्हणून आज बघतोयस तू हे इंजिन."

शिंपी हसायला गेला आणि मधेच थांबला. कारण सून चहाचे कप घेऊन शेडच्या दारात उभी होती. तिने कप तिथल्या स्टुलावर ठेवले, एकाचा कान म्हाताऱ्याच्या हाताच्या दिशेने फिरवला आणि ती आत गेली.

मुलगी होती. डॉक्टर म्हणाले होते, पाव तास आधी आला असतात तर. पुढे रक्त थांबेना म्हणून त्यांनी गर्भाची पिशवीही काढून टाकली. घरी आल्यावर म्हातारा सुनेला म्हणाला होता, "जिवावरचं बोटावर निभावलं." त्यानंतर बावीस वर्षांत या विषयावर घरात एक शब्द झाला नव्हता, आणि आता झाला तो असा, चहाच्या वेळी, गाडीच्या कौतुकात.

पुढच्या रविवारी बाळने तेल बदललं नाही.

मग त्याने एकेक गोष्ट सोडून दिली. ग्रीसची गन सांध्यांना लावून रिकामीच दाबायची. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी. डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेलं पाणी तसंच. गाडीखाली झोपायचं, पाना बोल्टवर आपटून आवाज करायचा, थोडा वेळ तळाकडे बघत पडून राहायचं आणि बाहेर यायचं. आयुष्यात कुठलंच काम त्याने इतक्या नेमाने केलं नव्हतं. तेलाचे न उघडलेले डबे तो घरामागच्या पाण्याच्या टाकीआड लपवायचा. एकदा कपडे वाळत घालताना बायकोने ते बघितले. तिने डब्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि चिमटे लावत राहिली. ती काही बोलली नाही, याचा अर्थ बाळने आपल्या सोयीने लावला.

तो वाट बघत होता. एक दिवस शिंपी पायी परत येईल, म्हणेल, काका, गाडी मधेच बंद पडली, इंजिन बसलं. त्या वेळी म्हाताऱ्याच्या तोंडावर काय असेल हे तो मीटर वाचताना, वाकल्या वाकल्या, रंगवून बघायचा. आणि मग आपण काय बोलायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. एकच वाक्य होतं. तिच्यासाठी केलं हे, अण्णा. बस्स.

पण गाडी रोज जायची आणि रोज यायची.

*

पासिंगची तारीख तीन महिन्यांवर आली तेव्हा म्हाताऱ्याने शिंप्याकडून निरोप धाडून मेकॅनिकला घरी बोलावलं. ब्रेक आणि दिवे एकदा बाहेरच्या माणसाने बघावेत म्हणून. बाळ कामावर होता. दुपारी तो परत आला तेव्हा मेकॅनिकचे पाय गाडीखालून बाहेर आलेले होते, शिंपी गळ्यात टेप अडकवून उभा होता, आणि म्हातारा स्टुलावर बसला होता. गाडीखाली एक पत्र्याची परात होती. तिच्यात जे पडत होतं ते पडत नव्हतं, लोंबत होतं.

मेकॅनिक सरपटत बाहेर आला. त्याने परातीकडे बघितलं, मग बाळकडे बघितलं, आणि नजर वळवली.

"काय झालं?" म्हातारा म्हणाला. "गप्प का झालात सगळे?"

"काका, तेल..."

"तेल काय? काढायला कुणी सांगितलं? नवीन आहे ते."

"ब्रेक बघता बघता सहज डिपस्टिक काढली. राहवलं नाही म्हणून बोल्ट उघडला." मेकॅनिकने हात पुसले. "नवीन नाही, काका. डांबर झालंय."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. मेकॅनिकने परात सरकवली. म्हाताऱ्याने त्यात बोट नाही, सगळा पंजा मनगटापर्यंत बुडवला, मूठ मिटली, उघडली. हात वर काढला तेव्हा तेल सुटायला तयार नव्हतं.

"वर्षाचं?"

"जास्तच असेल."

म्हाताऱ्याने मान फिरवली. बाळ उभा होता त्या बाजूला, अगदी नेमकी. "बाळ आलाय ना? चपला ऐकल्या मी. किती दिवसांचं आहे?"

दाराशी हालचाल झाली. बायको आज अर्ध्या दिवसाच्या रजेवर घरीच होती. ती चौकटीत येऊन उभी राहिली.

"चौदा महिन्यांचं," बाळ म्हणाला.

"ग्रीस?"

"नाही."

"कूलंट?"

"नळाचं पाणी घालतो."

"आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी?"

"नाही काढलं. काहीच केलं नाही, अण्णा. चौदा महिने काहीही केलेलं नाही."

बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. गाडी मेलेली नव्हती, पण हेही चाललं असतं. म्हाताऱ्याचा काळा पंजा हवेत तसाच होता आणि त्याचा जबडा थरथरत होता. आता, बाळला वाटलं. आता ते वाक्य.

म्हाताऱ्याच्या तोंडून आवाज फुटला. तो हसत होता.

आधी नाकातून, मग घशातून, मग सगळं अंग हलेपर्यंत. खोकला आला, त्यातूनही तो हसत राहिला. "चौदा महिने! शिंपीबुवा, सकाळी कितव्या फटक्यात चालू झाली?"

"पहिल्याच," शिंपी चाचरत म्हणाला.

"धूर?"

"नाही."

"चढावर दम खाते?"

"नाही, काका. छान चालते."

"छान चालते! रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, चौदा महिने, मेलेल्या तेलावर!" त्याने पंजा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "अरे, दुसऱ्या कुणाचं इंजिन सहा महिन्यांत बोंबललं असतं. हिने हूं नाही केलं. याने मला विष घातलं आणि मला ढेकर आला!"

मेकॅनिकला हसू आवरेना. शिंपीही हसला, न हसणं अवघड होतं.

"छत्तीस वर्षं मी कंठशोष केला," म्हातारा म्हणाला, "पण पुरावा कुठे होता? तू दिलास रे, बाळ. सर्टिफिकेट लिहून दिलंस मला." मग त्याचं हसू ओसरलं आणि आवाज नेहमीसारखा झाला. "वाईट करायचं ठरवलंस, तर तेही धड जमलं नाही तुला."

बाळचं वाक्य तोंडात होतं. ते आता बोललं असतं तर त्याच्यावरही हसू आलं असतं.

"इंजिन अजून किती वर्षं चालेल?"

हे बायकोने विचारलं होतं, मेकॅनिकला. ती चौकटीतून पुढे शेडमध्ये आली होती.

"आता जपलंत तर वीस वर्षं कुठे गेली नाहीत. हिला मरण नाही, ताई."

ती म्हाताऱ्याकडे वळली. "अण्णा, मला शिकवाल?"

"काय?"

"हे सगळं. तेल, ग्रीस, सगळं. यापुढे मी करत जाईन."

म्हाताऱ्याने काळा पंजा फडक्याला पुसला. मग त्याने तोंड पुन्हा मुलाच्या दिशेला वळवलं आणि फार गोड आवाजात विचारलं, "ऐकलंस?"

*

त्याने तिला जीव ओतून शिकवलं. यात खोट काढता येणार नाही. बाळला एकोणिसाव्या वर्षी जे दरडावून सांगितलं होतं ते तिला स्टुलावर बसून, उपमा देऊन, हाताला हात धरून सांगितलं. बोल्ट किती कसायचा हे मनगटाला कळलं पाहिजे. कमी कसला तर गळतो, जास्त कसला तर आटे जातात. टायर दर दहा हजारांनी मागचे पुढे करायचे. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, काळं पडो न पडो. ती बाळचा जुना शर्ट घालून गाडीखाली जायची आणि खालून एवढंच म्हणायची, "हो, अण्णा." "कळलं." "पुढे?"

"हात आहे तुला," तो तिला म्हणायचा, बाळ जवळपास असला की जरा मोठ्याने. "देवाने घरात चुकीच्या माणसाला पुरुष केलं."

एकदा ती एअर फिल्टर झटकत होती. तो सांगत होता, "आणि समज, उद्या कधी इंजिन उतरवावं लागलं, नवीन रिंगा टाकल्या, तर पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर..." तो थबकला. बहुधा त्याला स्वतःलाच ऐकू आलं. "तुला ठाऊकच आहे म्हणा."

"हो, अण्णा," ती म्हणाली. "ठाऊक आहे." फिल्टर तिने पुन्हा जागेवर बसवला आणि क्लिपा एकेक करून लावल्या.

गाडी चालवायला तिला शिंप्याने शिकवलं, मोकळ्या मैदानावर, म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून. सहा आठवड्यांत लायसन्स आलं. त्या दिवशी म्हाताऱ्याने गळ्यातली दोरी काढून किल्ली तिच्या हातात दिली आणि बाळला हाक मारली, नुसतं तिथे उभं राहायला. एवढ्यावरही त्याचं भागलं नाही. पासिंगच्या निमित्ताने सगळी वाहतूक कचेरीत गेली तेव्हा त्याने गाडीच सुनेच्या नावावर केली. कारकुनाने कागदावर त्याचं बोट सहीच्या जागी टेकवून दिलं. "याच्या नावावर केली तर आठवड्याभरात भंगारात जाईल," तो कारकुनाला म्हणाला. मागच्या बाकावर बाळ बसला होता. बायकोने कागद दोनदा वाचले, घडी घातली, पर्समध्ये ठेवले.

ती औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे पॅकिंगला होती, अकरा वर्षं. पुढच्या सोमवारी ती सकाळी गाडी घेऊन कामाला गेली. संध्याकाळी बसने परत आली.

म्हातारा शेडमध्ये बसून होता. "गाडी कुठाय?"

"गोदामाच्या आवारात. तिथे चांगलं छप्पर आहे." तिने चपला काढल्या. "दुकानांना माल पोचवायचं काम मागितलं मी. शेठ हो म्हणाले. शिंपीभाऊंचे गठ्ठे वाटेत सोडीन, त्यांच्याशी बोलले."

"म्हणजे रोज तिथेच ठेवणार?"

"हो."

तो हसला. ती थट्टा करतेय असं त्याला वाटलं. "आणि रविवारी?"

"रविवारी मी जाऊन बघत जाईन तिथे. तेल, ग्रीस, सगळं."

"मला आवाज तरी ऐकू दे. आवाज ऐकल्याशिवाय मला काय कळणार?"

"ठणठणीत आहे, अण्णा. हात धुऊन घ्या, ताट वाढते."

तो ओरडला. ताट उलटवलं. फसवलंस म्हणाला, घराबाहेर काढीन म्हणाला. दोन दिवस जेवला नाही. तिने दोन्ही दिवस ताट वाढलं, तासभर ठेवलं आणि उचललं. तिसऱ्या दिवशी तो जेवला. शिंप्याला बोलावून त्याने तिच्या कपाटातले कागद काढून वाचायला लावले. शिंप्याने वाचले आणि घसा साफ केला. "नाव त्यांचं आहे, काका. सही तुमची आहे."

रोज संध्याकाळी तो एकच गोष्ट विचारायचा, गाडी कशी आहे. ती रोज एकच उत्तर द्यायची, ठणठणीत. तिच्या आवाजात राग नसायचा, काहीच नसायचं. गाडी मेली असती तर म्हातारा रडला असता, लोक भेटायला आले असते, छत्तीस वर्षांच्या गोष्टी निघाल्या असत्या. ती जिवंत होती, उत्तम चालत होती, आणि त्याला तिचा वासही मिळत नव्हता. काही दिवसांनी तो शेडच्या फरशीवर हाताने चाचपायला लागला, जिथे चाकं उभी असायची तिथे. शिंप्याने हे बघितलं आणि आपली त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

बाळ या दिवसांत शीळ घालायला लागला होता. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. ती नखांतलं काळं ब्रशने घासत होती.

"मानलं तुला," तो हळूच म्हणाला. "मला हे सुचलंच नसतं."

ती घासत राहिली.

"मीही तुझ्यासाठीच केलं होतं. तेलाचं."

"मला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात?" तो ओशाळून हसला. मग भिंतीला टेकला आणि पन्नास वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ते मागितलं. "या रविवारी मी येऊ का तुझ्याबरोबर? एकदा चालवीन म्हणतो. थोडीशीच. रिकाम्या रस्त्यावर."

"नाही."

"का?"

तिने नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले, एकेक बोट.

"त्या दिवशी केबिनमध्ये अण्णा आणि मी होतो. तुम्ही मागे हौद्यात होतात, केबिनच्या मागच्या काचेला धरून. तिथून काटा दिसतो. मी आता चढून बघितलंय, दिसतो."

बाळ भिंतीपासून सरळ झाला.

"माझं डोकं त्याच काचेला टेकलेलं होतं. मला वाटत होतं, आता तुम्ही काच वाजवाल. आता वाजवाल. सव्वीस किलोमीटर वाट बघितली मी."

"अण्णांनी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "तुला माहितीये ते. किती का वाजवली असती."

"नसतंच ऐकलं," ती म्हणाली. "पण मला ऐकू आलं असतं."

टॉवेल खुंटीला लावून ती कणीक मळायला बसली.

*

रविवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे गोदामाकडे गेली. दहाच्या सुमारास बाळ शेडमध्ये आला. तिथे आता एक लांब बाक होतं. जागा फार मोकळी दिसते म्हणून शिंप्याने आणून ठेवलेलं. त्यावर म्हातारा बसला होता. त्याची दाढी वाढली होती आणि सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली होती.

"गेली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गेली."

"तुला नेलं नाही?"

"नाही."

म्हातारा यावर काहीतरी बोलेल म्हणून बाळ उभा राहिला. इतक्या वर्षांत असा मोका त्याने कधी सोडला नव्हता. पण म्हाताऱ्याने फक्त हाताने बाक चाचपलं आणि थोडं सरकून जागा केली. बाळ बसला. दोघांमध्ये वीतभर अंतर राहिलं. गल्लीतून एक गाडी गेली. दोघांच्याही माना तिकडे वळल्या आणि परत आल्या.

"जेवायला येईल ना ती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दर रविवारी येते."

"ते झालं रे. आज येईल ना?"

सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या हातात नेहमीची पिशवी होती की माळ्यावरची मोठी बॅग, हे बाळ आठवून बघत होता.